‘काशे’: टेप कोणी पाठवल्या, हे चित्रपट का सांगत नाही

2005 साली आलेला ‘काशे’ हा चित्रपट पाहून उठणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: त्या टेप पाठवल्या कोणी? सुरुवात पक्क्या रहस्यपटासारखी होते. धागेदोरे मिळत जातात, संशयित समोर येतो, एक मृत्यूही होतो. आणि दोन तासांनी पडद्यावर नावं यायला लागतात तेव्हा गुन्हेगार मात्र सापडलेला नसतो. इंग्रजीत ‘हिडन’ या नावाने गेलेल्या या चित्रपटाच्या शेवटावर अजूनही वाद घातले जातात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की आपलंच काहीतरी निसटलं.

माझ्या मते निसटलेलं काहीच नसतं. दिग्दर्शक मिखाएल हानेके यांना ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे ते त्यांनी चित्रपटात लख्ख दिलं आहे. आपण भलत्याच प्रश्नाचा पाठलाग करत राहतो, म्हणून ते डोळ्यांसमोरून निघून जातं. तो प्रश्न कोणता, त्यासाठी पॅरिसमधल्या 1961 सालच्या एका रात्रीची माहिती का लागते, आणि उत्तर न देणारा रहस्यपट प्रेक्षकाला फसवतो का, हे एकेक करून पाहू. पुढे सगळी कथा शेवटासकट उघड केली आहे. ज्यांना कोरं मन ठेवून चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा.

गोष्ट काय आहे

पॅरिसमधल्या एका शांत गल्लीत जॉर्ज आणि आन हे जोडपं राहतं. जॉर्ज (दानिएल ओतॉय) टीव्हीवर पुस्तकांवरच्या चर्चेचा कार्यक्रम चालवतो, आन (ज्युलिएत बिनोश) प्रकाशनाच्या व्यवसायात आहे. पिएरो हा त्यांचा बारा वर्षांचा मुलगा. घरात भिंतभर पुस्तकं, त्यांच्या मधोमध टीव्ही, संध्याकाळी जेवायला मित्रमंडळी. अशा घराच्या दाराशी एक दिवस पिशवीत घातलेली व्हिडिओ टेप सापडते. तिच्यात त्यांच्याच घराचं समोरून केलेलं चित्रण आहे. तासन्‌तास तेच. धमकी नाही, पैशांची मागणी नाही.

पुढच्या टेपबरोबर लहान मुलाने काढावं तसं एक चित्र येतं: तोंडातून रक्त येणारा चेहरा. मग मान कापलेला कोंबडा. मग एका टेपमध्ये जॉर्ज लहानपणी ज्या शेतावर वाढला ते घर दिसतं. आणखी एक टेप गाडीतून निघून पॅरिसलगतच्या रोमँव्हीलमध्ये, स्वस्त भाड्याच्या सरकारी इमारतीत, एका विशिष्ट दारापर्यंत जाते.

त्या दारामागे माजिद (मोरिस बेनिशू) राहतो. माजिदचे अल्जेरियन आईवडील जॉर्जच्या आईवडिलांच्या शेतावर कामाला होते. ऑक्टोबर 1961 मध्ये ते पॅरिसला एका मोर्चाला गेले आणि परतलेच नाहीत. मागे राहिलेल्या माजिदला दत्तक घ्यायचं जॉर्जच्या आईवडिलांनी ठरवलं. सहा वर्षांच्या जॉर्जला घरात वाटेकरी नको होता. आधी त्याने चुगली केली की माजिद रक्त थुंकतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग त्याने माजिदला सांगितलं की बाबांनी कोंबडा मारायला सांगितलंय. माजिदने कोंबडा मारला, आणि जॉर्जने घरात सांगितलं की मला घाबरवण्यासाठी त्याने हे केलं. माजिदची रवानगी अनाथाश्रमात झाली. जॉर्ज त्याच घरात वाढला, शिकला, नावारूपाला आला.

चाळीसहून अधिक वर्षांनी जॉर्ज त्याच्या दारात उभा राहतो तेव्हा माजिद म्हणतो की टेपबद्दल मला काही माहीत नाही. पुढे पिएरो एका रात्री घरी येत नाही. जॉर्ज पोलिसांना घेऊन माजिदकडे जातो. माजिद आणि त्याचा तरुण मुलगा दोघांनाही रात्र कोठडीत काढावी लागते. पिएरो सुखरूप असतो, मित्राकडे राहिलेला. त्यानंतर माजिद जॉर्जला घरी बोलावतो, तू समोर असावास अशी माझी इच्छा होती, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो आणि त्याच्यादेखत स्वतःचा गळा चिरतो. काही दिवसांनी माजिदचा मुलगा जॉर्जला त्याच्या ऑफिसात गाठतो. टेप पाठवल्याचं तोही नाकारतो. तपास म्हणून जे काही आहे ते एवढंच.

मग रहस्य कशात आहे?

समजा, एखाद्या घरी निनावी पत्र आलं. आत फक्त इतकंच लिहिलंय की तुम्ही काय केलंत ते मला ठाऊक आहे. पत्र लिहिणारा शोधायला महिने लागतील, कदाचित तो सापडणारही नाही. पण पत्र वाचताना घरातल्या कोणाचा चेहरा उतरला, कोणी ते पटकन घडी करून खिशात घातलं, कोणी बायकोला सांगितलं की काही नाही, विजेचं बिल आहे, हे त्याच मिनिटाला कळतं. पत्रात माहिती शून्य असते. माहिती असते ती वाचणाऱ्याच्या वागण्यात.

टेप नेमकं हेच काम करतात. त्यांच्यात गुन्ह्याचा पुरावा नाही, आरोप नाही. एक घर दिसतं, एक रस्ता दिसतो, एक दार दिसतं. तरी जॉर्जच्या मनात एक नाव येतं. चाळीस वर्षं ज्याचा विचार केला नाही असं तो म्हणतो, तोच माणूस त्याला सर्वांत आधी आठवतो. ‘टेप कोणी पाठवल्या?’ हा प्रश्न जॉर्जचा आहे. आपला प्रश्न असा हवा: जॉर्जला त्याच माणसाचं नाव का सुचलं, आणि सुचल्यावर त्याने ते बायकोला का सांगितलं नाही?

या प्रश्नाची उत्तरं चित्रपटभर पसरलेली आहेत. आनने विचारल्यावर तो म्हणतो की संशय आहे, पण खात्री होईपर्यंत नाव सांगणार नाही. आजारी आईला (आनी जिरार्दो) भेटायला जातो आणि माजिदचा विषय स्वप्नाच्या आडून काढतो. आईलाही त्या आठवणीच्या वाटेला जायचं नसतं. रोमँव्हीलहून परतल्यावर तो आनला बिनदिक्कत सांगतो की त्या दारामागे कोणी नव्हतं. मग पुढची टेप येते आणि तिच्यात माजिदच्या घरातलं त्या दोघांचं बोलणं जसंच्या तसं असतं. आन ती पाहते. मला वाटतं, चित्रपटातला सर्वांत भेदक क्षण हाच आहे, गळा चिरण्याच्या प्रसंगापेक्षाही. एक खोटं आपल्या डोळ्यांसमोर तयार होतं, चालतं आणि उघडं पडतं. सहाव्या वर्षी खोटं बोललेला मुलगा आता पन्नाशीकडे झुकलाय आणि त्याच सफाईने खोटं बोलतोय.

गुपित एकट्या जॉर्जचंही नाही. आनचं एका कौटुंबिक मित्राशी काही आहे का, याचा पिएरोला संशय आहे. ती नाही म्हणते. खरं काय ते आपल्याला कळत नाही. पिएरो रात्रभर कुठे होता हे आईवडिलांना माहीत नसतं. या घरात आवाज चढवून भांडणं फारशी होत नाहीत, जेवणावळी होतात, गप्पा रंगतात. प्रत्येक जण थोडं थोडं मागे ठेवतो आणि बाकीचे ते मागे ठेवू देतात.

कॅमेरा कुठे ठेवला होता?

थोडं तंत्राकडे वळू, कारण गोंधळ खरा इथे उडतो. कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत मध्ये न तोडता जे चित्रित होतं त्याला शॉट म्हणतात. ‘काशे’चा पहिला शॉट एका गल्लीचा आहे. समोर घर, रस्त्याकडेला गाड्या, मधूनच कोणी चालत जातं. कॅमेरा हलत नाही. त्याच चित्रावर बारीक अक्षरांत सगळी नावं उमटतात. मग कुठून तरी दोन आवाज ऐकू येतात आणि चित्रावर आडव्या रेषा धावायला लागतात. तेव्हा लक्षात येतं की आपण गल्ली पाहत नव्हतो. जॉर्ज आणि आन घरात बसून जी टेप पाहत होते तीच आपणही पाहत होतो, आणि आता त्यांनी ती पुढे पळवली आहे.

ही हातचलाखी जमते ती एका निर्णयामुळे. त्या काळी चित्रपट सहसा फिल्मवर चित्रित होत आणि व्हिडिओ टेपचं चित्र वेगळं, जरा भुरकट दिसे. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही फरक सांगितला असता. हानेके आणि छायाचित्रकार ख्रिस्टियान बर्गर यांनी हा चित्रपट हाय डेफिनिशन व्हिडिओवर चित्रित केला. त्यामुळे चित्रपटातली टेप आणि खुद्द चित्रपट यांचं चित्र सारखंच दिसतं. एखादा नवा शॉट सुरू झाला की आपण घटना पाहतोय की तिची टेप, हे ओळखायला खूणच उरत नाही. दिशा दाखवणारं पार्श्वसंगीतही नाही.

आता पहिल्या टेपकडे पुन्हा पाहा. जॉर्ज घरातून निघतो आणि कॅमेऱ्याच्या बाजूने चालत जातो. त्याला कॅमेरा दिसत नाही. हे कसं शक्य आहे, याचं त्यालाही कोडं पडतं. माजिदच्या घरातला कॅमेराही कुठे होता ते कळत नाही. आत्महत्येचा प्रसंग आपल्याला त्याच कोनातून दिसतो ज्या कोनातून आधीची टेप चित्रित झाली होती. शेवटाकडे, लहानग्या माजिदला शेतावरच्या घरातून ओढत गाडीत बसवून नेतात तो प्रसंग येतो. अंगणापासून लांब, अंधाऱ्या गोठ्यातून पाहावं तसा, न हलणारा शॉट. 1961 मध्ये तिथे व्हिडिओ कॅमेरा असणं शक्यच नाही. तरी शॉटची ठेवण टेपसारखीच आहे.

याचा सरळ अर्थ मला असा लागतो: टेप कोणी पाठवल्या याचा शोध जिथे जिथे न्यावा तिथे तो चित्रपट घेणाऱ्याशीच येऊन थांबतो. जॉर्जला त्याचं आयुष्य दाखवणारा दिग्दर्शक आहे. दिग्दर्शकाने पात्राला टेप पाठवणं वास्तवाच्या नियमात बसत नाही, हे मान्य. पण चित्रपटात दिसणाऱ्या सगळ्या गोष्टींना एकाच वेळी लागू पडणारं दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

17 ऑक्टोबर 1961 ला काय झालं?

फ्रान्सने 1830 मध्ये अल्जेरियावर चढाई केली आणि पुढे तिला दूरची वसाहत न मानता आपल्याच देशाचा भाग ठरवलं. 1954 मध्ये तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. ते लढणारी मुख्य संघटना म्हणजे राष्ट्रीय मुक्ती आघाडी, फ्रेंच आद्याक्षरांनुसार एफएलएन. कामासाठी फ्रान्समध्ये आलेले लाखो अल्जेरियन मजूर पॅरिसच्या कडेने, काही अक्षरशः झोपडपट्ट्यांत, राहत होते. युद्धाची झळ तिथेही पोचली होती. एफएलएनच्या हल्ल्यांत पॅरिसचे पोलिस मारले जात होते, आणि पोलिसांच्या हातून अल्जेरियन.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पॅरिसचे पोलिसप्रमुख मोरिस पापों यांनी एका पोलिसाच्या अंत्यविधीच्या वेळी बजावलं की एका घावाला दहा घावांनी उत्तर देऊ. 5 ऑक्टोबरला अल्जेरियनांवर संचारबंदी आली: रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच बाहेर पडू नये. वंशावरून लावलेल्या या बंदीविरुद्ध एफएलएनने 17 तारखेच्या संध्याकाळी मोर्चाची हाक दिली. शस्त्र आणायचं नाही, असा सक्त आदेश होता. वीस ते तीस हजार लोक निघाले. चांगले कपडे घालून, बायका-मुलांना घेऊन.

पोलिसांनी पुलांवर आणि भुयारी रेल्वेच्या दारांशी त्यांना गाठलं. लाठ्या चालल्या, गोळ्या चालल्या, लोकांना सेन नदीत फेकण्यात आलं. अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडून शहराच्या बसगाड्यांतून क्रीडागृहांत नेऊन कोंबलं, आणि मारहाण तिथेही चालू राहिली. सरकारी आकड्यानुसार मृत तीन. पुढच्या संशोधनात अंदाज काही डझनांपासून दोनशेपेक्षा जास्तपर्यंत जातात. नेमका आकडा ठरू न शकणं हाही त्याच लपवालपवीचा परिणाम आहे.

या घटनेचं पुढे काय झालं ते ‘काशे’ समजायला त्या रात्रीइतकंच महत्त्वाचं आहे. सेनच्या काठच्या भिंतीवर कोणीतरी लिहिलं की इथे अल्जेरियनांना बुडवतात. त्याचा फोटो काढला गेला, पण वर्षानुवर्षं छापला गेला नाही. 1962 च्या मार्चमध्ये युद्धबंदी झाली आणि पाठोपाठ माफीचे हुकूम निघाले, म्हणजे खटले उभे राहण्याची वाटच बंद. त्याआधी फेब्रुवारीत पॅरिसच्या शारोन मेट्रो स्थानकाजवळच्या एका निदर्शनात पोलिसांच्या हातून नऊ जण मेले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. डाव्या चळवळीच्या स्मरणात ती घटना राहिली, ऑक्टोबरची बुडाली. 1991 मध्ये त्या रात्रीवरचं ज्याँ-ल्यूक एनोदी यांचं पुस्तक आल्यावर चर्चेला खरं तोंड फुटलं.

पापों यांचं नाव फ्रान्सला कळलं ते मात्र दुसऱ्या प्रकरणात. दुसऱ्या महायुद्धात बोर्डो इथे अधिकारी असताना ज्यूंची छळछावण्यांकडे रवानगी करण्यात सहभाग घेतल्याबद्दल 1998 मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. एनोदी यांच्यावर त्यांनी बदनामीचा खटला भरला आणि तो हरले. 1999 पर्यंत फ्रेंच कायद्यात अल्जेरियातल्या युद्धाला युद्ध म्हटलं जात नव्हतं. सँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लागला तो 2001 मध्ये. 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रों बझों इथल्या पुलापाशी गेले आणि त्या रात्रीचे गुन्हे अक्षम्य असल्याचं त्यांनी मान्य केलं. फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्या हत्याकांडाचा निषेध करणारा ठराव मंजूर केला तो मार्च 2024 मध्ये, बासष्ट वर्षं उलटून गेल्यावर.

जॉर्जने माजिदला घराबाहेर काढलं त्यानंतर जे घडलं तेच इथे दिसतं. आईवडिलांना माहीत होतं, मुलाला माहीत होतं, आणि कोणी पुन्हा विषय काढला नाही.

एवढी मोठी घटना, मग चित्रपटात तिला दोन-चारच वाक्यं का?

ती वाक्यं जॉर्ज आनला सांगतो: तारीख, पापों, नदीत बुडवलेले दोनेकशे अरब, माजिदचे आईवडील बहुधा त्यांच्यात. बोलणं पुढे सरकतं. ना जुनी छायाचित्रं दाखवली आहेत, ना मोर्चाचा प्रसंग उभा केला आहे.

मला हे योग्य वाटतं. हानेके यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की या घटनेवरचा एक माहितीपट टीव्हीवर पाहून त्यांना धक्का बसला, कारण इतकी मोठी गोष्ट इतकी वर्षं अशी दबून राहिली होती. हे फक्त फ्रान्सचं नाही, प्रत्येक देशात असे कोपरे असतात, असंही ते म्हणाले आहेत. ते स्वतः ऑस्ट्रियात वाढलेले, आणि ऑस्ट्रियाने नाझी काळातल्या आपल्या वाट्याबद्दल किती उशिरा तोंड उघडलं हे सर्वश्रुत आहे. त्यांना हत्याकांडावर चित्रपट करायचा नव्हता. ते कसं विसरलं जातं हे दाखवायचं होतं, आणि ते दाखवायला दोन-चार वाक्यांचा घाईचा उल्लेख हीच अचूक रीत आहे. जॉर्जच्या घरातला टीव्ही इराकच्या बातम्या दाखवत असतो आणि पुढ्यातले नवराबायको मुलगा कुठे गेला या काळजीत असतात. काळजी अगदी रास्त आहे. पण त्या चौकटीत दूरच्या माणसांचं मरण मागच्या आवाजापुरतं उरलेलं आपल्याला दिसतं.

योगायोग असा की चित्रपट फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2005 मध्ये लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत एक कायदा झाला होता, ज्यातलं एक कलम शाळांनी वसाहतराजवटीची सकारात्मक बाजू शिकवावी असं सांगत होतं. त्यावरून मोठा वाद झाला आणि 2006 च्या सुरुवातीला ते कलम मागे घेतलं गेलं. आणि चित्रपट चित्रपटगृहांत असतानाच, 27 ऑक्टोबरला, पॅरिसलगतच्या क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांना चुकवताना दोन किशोरवयीन मुलं विजेच्या उपकेंद्रात मरण पावली आणि देशभर उपनगरं पेटली.

सहा वर्षांच्या पोराला काय दोष द्यायचा?

हा आक्षेप जॉर्जच घेतो, आणि तो खोडून काढता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाने आईबापाची वाटणी नको म्हणून रचलेली थाप हा गुन्हा नव्हे. माजिदला अनाथाश्रमात पाठवण्याचा निर्णय मोठ्यांनी घेतला. त्याच्या आईवडिलांना मारलं ते बहुधा पोलिसांनी.

पण चित्रपट सहा वर्षांच्या जॉर्जवर खटला चालवतच नाही. त्याला आज जबाबदार धरलंय ते आजच्या वागण्यासाठी. माजिद भेटल्यावर तो त्याची विचारपूस करत नाही, आल्या आल्या धमकावतो. हाती पुरावा नसताना पोलिस घेऊन जातो. माजिदच्या मुलाला तो सुनावतो की तुझ्या बापाचं आयुष्य वाया गेलं म्हणून मी मन खात बसणार नाही. यातलं एकही कृत्य लहान मुलाचं नाही. लहानपणी जे झालं त्यावर त्याचा ताबा नव्हता. ते कळल्यावर, आठवल्यावर काय करायचं यावर पूर्ण ताबा होता. आजच्या फ्रेंच माणसाने 1961 मध्ये कोणाला नदीत फेकलेलं नाही, तरी तो फलक लागू द्यायचा की नाही हा प्रश्न त्याच्याच पुढ्यात येतो, तसंच हे.

उत्तर न देणं ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का?

रहस्यकथेत एक अलिखित करार असतो: मी लक्ष देऊन वाचतो, तू शेवटी सांग. हानेके तो मोडतात, आणि चिडणाऱ्याला चिडायचा हक्क आहे. पण गुन्हेगार सापडला असता तर काय झालं असतं याचा विचार करून पाहावा. समजा, टेप माजिदच्या मुलाने पाठवल्या हे सिद्ध झालं. त्याच क्षणी जॉर्ज बळी ठरला असता, सूड घेणारा तरुण आरोपी ठरला असता, आणि पोलिस, न्याय, निकाल अशी गाडी आपण निश्वास टाकून घरी नेली असती. जॉर्जला हेच तर हवं आहे! सुरुवातीपासून तो प्रश्न ‘हे कोण करतंय’ याच दिशेला रेटतो, म्हणजे ‘मी काय केलं’ हा मागे राहतो. उत्तर देणारा चित्रपट त्याच्या बाजूचा झाला असता.

शेवटचा शॉट याच जागी येतो. पिएरोच्या शाळेच्या पायऱ्या, शाळा सुटलेली, मुलांची गर्दी, कॅमेरा लांब आणि स्थिर. अनेकांना वाटतं इथे काही घडतच नाही. डावीकडे नजर ठेवली तर पिएरो आणि माजिदचा मुलगा भेटतात, बोलतात, आपापल्या वाटेने जातात. शब्द ऐकू येत नाहीत. दोघांनी मिळून टेप पाठवल्या असतील, किंवा ही त्यांची पहिलीच भेट असेल. चित्रपट दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो. बापांनी जे एकमेकांशी कधी धड बोललं नाही ते मुलं बोलतायत, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं. हा शॉटही टेपसारखाच आहे, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. म्हणजे पाहणं अजून थांबलेलं नाही.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात हानेके यांना सर्वोत्तम दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रियाने ऑस्करसाठी धाडलेला हा चित्रपट मात्र फ्रेंचमध्ये आहे, जर्मनमध्ये नाही, म्हणून नाकारला गेला. पुढे तो नियमच बदलला.

आणि माजिदचं काय?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. अभ्यासक पॉल गिलरॉय यांच्यासारख्या टीकाकारांनी विचारलं की या चित्रपटात माजिद माणूस म्हणून आहे तरी कुठे? तो येतो, दुखावतो, मरतो. सगळं जॉर्जला धक्का बसावा म्हणून. वसाहतवादाच्या बळीने गोऱ्या सुखवस्तू घरात अस्वस्थता आणण्यासाठी स्वतःचा गळा चिरावा, ही मांडणी त्यालाच पुन्हा एकदा वापरून घेते.

यात तथ्य आहे. माजिद काय काम करत होता, अनाथाश्रमानंतर त्याचं काय झालं, त्याची बायको कोण, यातलं फार थोडं आपल्याला कळतं. कथा जॉर्जच्या खिडकीतून सांगितली आहे आणि ती मर्यादा तिला भोवते. एका ठिकाणी मात्र ही चौकट मोडते. माजिदच्या घरातल्या टेपमध्ये जॉर्ज धमकावून निघून जातो, आणि टेप चालूच राहते. माजिद एकटा बसून रडत राहतो, बराच वेळ. ज्याच्यासाठी टेप आहे तो माणूस त्या खोलीत नाही. तो प्रसंग पाहून आनला पहिल्यांदा नवऱ्याची लाज वाटते, आणि मलाही तिथेच माजिद पहिल्यांदा नीट दिसला. पण एवढ्यावर गिलरॉय यांचा मुद्दा संपत नाही. त्या रात्री मोर्चाला निघालेल्या माणसांचा आवाज ‘काशे’त नाही.

तो आवाज दुसरीकडे टिपलेला आहे. जाक पानिजेल यांनी 1961 च्या अखेरीस आणि 1962 मध्ये ‘ऑक्तोब्र आ पारी’ हा माहितीपट केला. त्यात पॅरिसभोवतालच्या वस्त्यांतले अल्जेरियन स्त्रीपुरुष त्या रात्री आपल्यावर काय गुदरलं ते कॅमेऱ्यासमोर स्वतः सांगतात. सरकारने त्यावर बंदी घातली. 1973 मध्ये दिग्दर्शक रने व्होतिए उपोषणाला बसले तेव्हा परवाना मिळाला, आणि चित्रपटगृहांत तो रीतसर लागला 2011 साली, घटनेला पन्नास वर्षं झाल्यावर. ‘काशे’ पाहून ज्यांना माजिदच्या आईवडिलांबद्दल आणखी जाणून घ्यावंसं वाटेल, त्यांनी पुढे तो पाहावा.